नवे हार्डवेअर मानक कधी घ्यावे? नाशिकमधील नवख्या खरेदीदारासाठी मार्गदर्शन

महात्मा गांधी रोडवरील संगणकाच्या कोणत्याही दुकानात अर्धा तास उभे राहिले, तर एक प्रश्न हमखास कानावर पडतो: "आत्ता घेऊ की थांबू?" नव्या पिढीची रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी) आलेली असते, माहिती साठवणाऱ्या एसएसडीच्या खोक्यावर मोठा आकडा छापलेला असतो, वाय-फायच्या नावापुढचा अंक वाढलेला असतो, आणि पहिल्यांदाच पैसे घालणाऱ्या माणसाला दोन्ही बाजूंनी भीती वाटते. आज घेतले तर महाग आणि कच्चे पदरात पडेल, थांबलो तर जुने झालेले गळ्यात येईल. सातपूर-अंबडमधील लहान कारखाने आणि शहरातील छोटी कार्यालये यांचे संगणक जोडण्याचे व सांभाळण्याचे काम मी करतो. या प्रश्नाचे उत्तर मी आता एका कसोटीवर देतो. मानक, म्हणजे भाग एकमेकांत कसे बसावेत आणि चालावेत याचा ठरलेला नियम, जाहीर झाले तो दिवस आपला नव्हे. तो भाग सकाळी अकराला बंद पडला आणि त्याच जातीचा दुसरा भाग त्याच संध्याकाळपर्यंत नाशिकमध्ये हाती आला, असे ज्या दिवसापासून घडू लागते, तेव्हापासून ते मानक आपल्यासाठी आले असे समजावे. पुढील पायऱ्या या कसोटीभोवतीच रचलेल्या आहेत.

पहिली पायरी: मानक जोडणारे आहे की तोडणारे, हे ओळखा

हातात एकदा डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन पिढ्यांच्या रॅम शेजारी शेजारी धरून पाहाव्यात. लांबी सारखी, सोनेरी पिना दोन्हींवर २८८; खालच्या कडेची खाच मात्र काही मिलिमीटरने सरकलेली असते. ही खाच मुद्दाम सरकवलेली आहे, कारण डीडीआर४ ला १.२ व्होल्ट लागतात आणि ते नियंत्रित करण्याचे काम मदरबोर्ड (सगळे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी) करतो, तर डीडीआर५ ला १.१ व्होल्ट लागतात आणि वीज नियंत्रित करणारी चिप रॅमच्या पट्टीवरच बसवलेली असते. एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसतच नाही. म्हणजे डीडीआर५ घ्यायची, तर मदरबोर्ड बदलायचा, आणि बोर्ड बदलला की बहुतेक वेळा प्रोसेसरही बदलायचा. हे झाले तोडणारे मानक. प्रोसेसर ज्यात बसतो तो सॉकेटही याच जातीचा.

पीसीआयई (बोर्डावर एसएसडी आणि कार्डे जोडण्याची पद्धत), यूएसबी आणि वाय-फाय यांचे तसे नाही. पीसीआयई ४.० ची एसएसडी ३.० च्या स्लॉटमध्ये लावली तरी ती चालते. वेग तेवढा जुन्या स्लॉटचा मिळतो. यूएसबीचा नवा पेनड्राइव्ह जुन्या संगणकात आणि नवा राउटर जुन्या लॅपटॉपबरोबर चालतो. ही जोडणारी मानके होत, आणि त्यांच्या बाबतीत चुकीच्या वेळी घेण्याची किंमत जवळजवळ शून्य असते, कारण आज घेतलेली वस्तू उद्याच्या संगणकातही चालते. म्हणून नवख्याने आपली सगळी चिंता तोडणाऱ्या मानकांसाठी राखून ठेवावी. माझ्याकडे येणाऱ्या लोकांचे नेमके उलटे झालेले असते: यूएसबीच्या आकड्यावर तासभर खल होतो आणि बोर्डावर कोणती रॅम बसते हे कोटेशनमध्ये वाचलेलेच नसते.

यूएसबीच्या आकड्यांबद्दल एवढेच लक्षात ठेवावे की २००८ मध्ये यूएसबी ३.० या नावाने आलेला सेकंदाला ५ गिगाबिटचा वेग पुढे ३.१ जेन १ आणि नंतर ३.२ जेन १ या नावांनी विकला गेला. नाव नवे, वेग तोच. दुकानदाराला नाव विचारू नये. किती गिगाबिट, एवढेच विचारावे.

दुसरी पायरी: मानकाचे वय काढा

कोणत्याही मानकाच्या आयुष्यात चार टप्पे येतात: कागदावर जाहीर होणे, पहिला माल बाजारात येणे, सर्वसामान्य संगणकात रुळणे, आणि आधीची पिढी दुर्मिळ होणे. खरेदी करणाऱ्याला या टप्प्यांमधले अंतर माहीत असले, की घाई आपोआप कमी होते. डीडीआर४ चे मानक सप्टेंबर २०१२ मध्ये जाहीर झाले, ते वापरणारा पहिला डेस्कटॉप प्रोसेसर २०१४ मध्ये आला आणि सर्वसाधारण घरगुती संगणकांत ते २०१५ पासून शिरू लागले. डीडीआर५ जुलै २०२० मध्ये जाहीर झाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेले इंटेलचे बाराव्या पिढीचे प्रोसेसर दोन्ही रॅम चालवू शकत होते, मात्र एका बोर्डावर एकच प्रकार बसत असे. सप्टेंबर २०२२ मध्ये प्रोसेसरच बनवणाऱ्या एएमडी कंपनीचा एएम५ मंच (सॉकेट आणि त्याचे बोर्ड) आला, तो केवळ डीडीआर५ चा होता. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटेलच्याही नव्या डेस्कटॉप मालिकेने डीडीआर४ सोडले. जाहीर होण्यापासून माघारीचा रस्ता बंद होईपर्यंत चार वर्षे गेली. या चार वर्षांतील तिसरे वर्ष बहुतेकांसाठी योग्य ठरते, असा माझा अनुभव आहे: पहिल्या मालातील खोडी निघून गेलेल्या असतात आणि जुनी पिढी अजून दुकानातून हद्दपार झालेली नसते.

पहिल्या मालातील खोडी म्हणजे काय, ते मी स्वतः भोगले आहे. २०२२ च्या हिवाळ्यात शरणपूर रोडवरील एका कर सल्लागारांच्या कार्यालयात मी डीडीआर५ चा अगदी नवा संगणक जोडला. बटण दाबले, पंखे फिरले, पडदा काळाच राहिला. दोन मिनिटे वाट पाहून मी वीज बंद केली, रॅम काढून पुन्हा बसवली, पुन्हा चालू केले, तेच. "अहो, वीस तारीख परवावर आली, मशीन चालू होणार की नाही?" असे ते विचारत होते, आणि जीएसटीच्या मासिक विवरणपत्राची ती तारीख त्यांच्यासाठी टळणारी नव्हती. रॅम खराब असावी असे धरून मी महात्मा गांधी रोडवरील तीन दुकानांत फिरलो. एकाकडेही डीडीआर५ ची सुटी पट्टी नव्हती. एकाने मुंबईहून दोन दिवसांत आणून देतो म्हटले. परत येऊन मी संगणक चालू केला आणि कंटाळून तसाच सोडून दिला, तेव्हा सात-आठ मिनिटांनी पडद्यावर चित्र आले. काहीही बिघडलेले नव्हते. पहिल्या वेळी चालू होताना तो बोर्ड रॅमशी आपला ताळमेळ जुळवत होता, त्याला वेळ लागत होता, आणि मी दर वेळी वीज तोडून त्याला पहिल्यापासून सुरुवात करायला लावत होतो. पुढे बोर्डातील मूळ प्रोग्रॅमचे, म्हणजे बायोसचे, अपडेट आले आणि तो वेळ पुष्कळ कमी झाला.

मानकात दोष नव्हता, तरी त्याच्याभोवतीची माहिती त्या दिवशी शहरात पोहोचली नव्हती. त्याच दिवशी मला कळले की सुटा भाग केवळ बदलण्यासाठी लागत नाही, निदान करण्यासाठीही लागतो. दुसरी रॅम हाताशी असती, तर ती लावूनही पडदा काळाच राहिल्याचे दिसले असते आणि दहा मिनिटांत रॅमवरचा संशय फिटला असता.

तिसरी पायरी: आपले काम नेमके कुठे अडते, ते मोजा

दुकानात जाण्यापूर्वी एक दिवस आपल्याच संगणकावर बसावे. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून, रोजचे काम चालू असताना प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांपैकी कोणता रकाना शंभराकडे जातो ते पाहावे आणि दिवसातून तीन-चार वेळा कागदावर लिहावे. टॅली, ब्राउझरचे वीस टॅब आणि जीएसटीचे संकेतस्थळ एवढाच ज्यांचा व्यवहार आहे, त्यांच्याकडे बहुतेक वेळा मेमरी भरलेली असते किंवा जुनी हार्डडिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली असते. अशा संगणकाला नवे मानक लागत नाही. फिरत्या तबकडीची हार्डडिस्क काढून साधी साटा (हार्डडिस्कच्याच जोडणीची) एसएसडी लावली, की सेकंदाला सुमारे दीडशे मेगाबाइटवरून साडेपाचशेपर्यंत वेग जातो, आणि छोट्या फायली शोधण्यातला फरक त्याहून कितीतरी मोठा असतो. तेथून पुढे पीसीआयई ३.० ची एसएसडी सुमारे साडेतीन हजार, ४.० ची सात हजारांपर्यंत आणि ५.० ची त्याच्या दुप्पट वेग देऊ शकते, पण पत्र टंकण्यात आणि हिशेब लिहिण्यात हे पुढचे आकडे माणसाला जाणवत नाहीत. लग्नाचे चित्रीकरण संपादित करणारा, किंवा यंत्रभागांची मोठी कॅड रेखाटने उघडणारा टूलरूममधील माणूस यांना ते जाणवतात. ज्याचे काम अडते, त्यानेच पुढे वाचून पैसे मोजावेत. बाकीच्यांनी रॅम वाढवून आणि एसएसडी लावून दोन वर्षे सुखाने काढावीत.

येथे एक अडचण सांगून ठेवतो. मदरबोर्डावरील एम.२ चा, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसवण्याचा, स्लॉट दिसायला एकच असला, तरी काही जुन्या बोर्डांवर तो फक्त साटा चालवतो आणि काहींवर फक्त पीसीआयई. बोर्डाचा नेमका मॉडेल क्रमांक पाहून कंपनीच्या पुस्तिकेत खात्री केल्याशिवाय एसएसडी विकत घेऊ नये.

चौथी पायरी: नव्या संगणकाला कोणकोणत्या जुन्या यंत्रांशी बोलायचे आहे, याची यादी करा

अंबडमधील एका कारखान्यात सीएनसी यंत्राला (प्रोग्रॅमनुसार धातू कापणाऱ्या) प्रोग्रॅम पाठवण्यासाठी संगणकाचा नऊ पिनांचा सिरियल पोर्ट वापरला जात होता. या पोर्टचे आरएस-२३२ हे मानक १९६० च्या दशकाच्या उंबरठ्यावरचे आहे, आणि ते आजही कारखान्यांत इमानाने काम करते. मालकांनी नवा संगणक घेतला, त्याच्या मागे तो पोर्ट नव्हता. यूएसबीवरून सिरियल करणारे स्वस्त कन्व्हर्टर लावले, तर प्रोग्रॅम पाठवताना मध्येच अक्षरे गळू लागली. लोखंड कापणाऱ्या यंत्राच्या बाबतीत हा प्रकार चालवून घेता येत नाही. एक शून्य गळाले तरी टूल (कापणारे हत्यार) जॉबमध्ये (कापायच्या तुकड्यात) घुसते. शेवटी बोर्डाची पुस्तिका उघडली, तेव्हा बोर्डावर सिरियलच्या पिना होत्या असे दिसले. फक्त मागच्या बाजूला तोंड काढलेले नव्हते. साधी तार आणि पट्टी आणून बसवली आणि काम सुरळीत झाले.

म्हणून कोटेशन मागण्याआधी कागदावर लिहावे: बिलाचा प्रिंटर कोणत्या तारेने जोडला आहे, सॉफ्टवेअरचा परवाना तपासणारा डोंगल कोणता, जुना स्कॅनर कोणत्या विंडोजपर्यंत चालतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) व ठराविक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढे. अनेकांच्या बाबतीत नवे हार्डवेअर घेण्याचे खरे कारण रॅमचा वेग नसून हे आहे, आणि ते कारण पूर्णपणे रास्त आहे.

पाचवी पायरी: मानक टिकेल का, याची लक्षणे तपासा

सगळीच मानके जगत नाहीत. २००० साली आलेल्या पेंटियम ४ बरोबर आरडीरॅम नावाची मेमरी लागत असे. ती महाग होती, जोडीनेच लावावी लागे, आणि रिकाम्या स्लॉटमध्येसुद्धा सर्किट पूर्ण करण्यासाठी कोरी पट्टी बसवावी लागे. तिच्यासाठी एका कंपनीला स्वामित्वशुल्क द्यावे लागत होते, आणि दुसरीकडे बहुतेक मेमरी उत्पादक डीडीआरच्या बाजूने उभे होते. काही वर्षांतच डीडीआर जिंकले, आणि ज्यांनी आरडीरॅम घेतली होती त्यांना रॅम वाढवायची तर महाग पट्ट्या शोधत फिरावे लागले. कॅबिनेट आणि बोर्डाच्या मांडणीसाठी पुढे आलेले बीटीएक्स मानक २००६ मध्ये त्याच्या जनक कंपनीनेच आवरते घेतले, तर १९९५ चे एटीएक्स आजही चालू आहे. साटा एक्सप्रेसचे कनेक्टर २०१४ च्या सुमारास बोर्डांवर दिसले. त्यांना लावण्याजोग्या डिस्क मात्र बाजारात जवळजवळ आल्याच नाहीत, आणि एम.२ ने ती जागा घेतली.

या तिन्ही उदाहरणांतून मी दोन प्रश्न काढले आहेत, आणि ते नवख्यालाही विचारता येतात. हा भाग बनवणाऱ्या, एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या किमान तीन कंपन्या आहेत का? आणि प्रोसेसर बनवणाऱ्या दोन्ही मोठ्या कंपन्यांनी हे मानक स्वीकारले आहे का? दोन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर मानक बुडण्याची भीती मनातून काढून टाकावी. सॉकेटच्या बाबतीत मात्र हे प्रश्न उपयोगी नाहीत, कारण सॉकेट प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. तेथे इतिहास पाहावा. एएमडीच्या एएम४ सॉकेटसाठी, पहिल्यांदा आल्यानंतर सात-आठ वर्षांनी, म्हणजे २०२४ मध्येही, नवे प्रोसेसर निघत होते, तर इंटेलचे डेस्कटॉप सॉकेट साधारणपणे दोन-तीन पिढ्यांत बदलत आले आहेत. तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलण्याचा विचार असलेल्याने ही गोष्ट किमतीइतकीच वजनाची मानावी.

सहावी पायरी: वीज आणि उष्णता

एप्रिल-मे महिन्यांत नाशिकची दुपार चाळीस अंशांच्या आसपास जाते, आणि पत्र्याच्या शेडमधील कार्यालयात त्याहून वाईट असते. पीसीआयई ५.० च्या सुरुवातीच्या एसएसडी इतक्या तापत की त्यांच्यावर मोठे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारे धातूचे तुकडे), काहींवर तर छोटा पंखा बसवावा लागे. तापल्यावर त्या स्वतःच वेग कमी करतात, म्हणजे ज्या वेगासाठी पैसे मोजले तो दुपारी मिळत नाही. मोठ्या ग्राफिक्स कार्डांसाठी २०२२ मध्ये आलेल्या नव्या वीजजोडणीचे कनेक्टर वितळल्याच्या घटना जगभर घडल्या आणि २०२३ मध्ये १२व्ही-२x६ ही सुधारित आवृत्ती काढावी लागली, जिच्यात वीज वाहणाऱ्या पिना किंचित लांब आणि संकेत देणाऱ्या पिना आखूड केल्या आहेत. त्यामुळे कनेक्टर पूर्ण बसला नसेल तर कार्ड जास्त वीज ओढत नाही. असे कार्ड घेणाऱ्याने एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) सुधारित कनेक्टरचाच घ्यावा.

वाय-फायबद्दल थोडक्यात. वाय-फाय ६ई आणि ७ यांचा मोठा फायदा रेडिओ लहरींच्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्यात आहे, आणि तो पट्टा प्रत्येक देशाच्या नियमांवर अवलंबून असतो. अमेरिकेने तो २०२० मध्ये खुला केला, तर भारतात त्याच्या खालच्या भागासाठीचे मसुदा नियम २०२५ मध्ये आले. म्हणून खोक्यावरचा आकडा पाहू नये. विकला जाणारा राउटर भारतात कोणत्या पट्ट्यांवर चालतो, हे लेखी विचारावे.

सातवी पायरी: संध्याकाळची चाचणी

आता प्रत्यक्ष बाजारात जावे, पण खरेदीसाठी नव्हे. महात्मा गांधी रोडवर आणि कॉलेज रोडकडे मिळून तीन-चार दुकानांत एकच प्रश्न विचारावा: "ही रॅम, हा बोर्ड, हा एसएमपीएस आज हातात मिळेल का, की मागवावा लागेल?" फोनवर विचारू नये, कारण फोनवर सगळेच असते. तीन ठिकाणी माल शेल्फवर दिसला, तर ते मानक नाशिकमध्ये आले. एकाच ठिकाणी दिसला आणि बाकीचे "उद्या मागवतो" म्हणाले, तर घरच्या वापरासाठी घ्यायला हरकत नाही, पण ज्या संगणकावर बिले निघतात किंवा यंत्र चालते, त्यासाठी थांबावे. त्याच फेरीत वॉरंटीचेही विचारून घ्यावे: बिघडलेला भाग नाशिकमध्येच जमा होतो की मुंबई-पुण्याला पाठवावा लागतो, आणि तोपर्यंत बदली भाग मिळतो का.

ही चाचणी उलट दिशेनेही लावावी, कारण जुने मानकही शहरातून निघून जाते. २०२५ मध्ये मोठ्या मेमरी उत्पादकांनी डीडीआर४ चे उत्पादन कमी करत नेले, आणि वर्षाच्या मध्यात तिच्या चिपचे घाऊक भाव काही काळ डीडीआर५ च्याही वर गेले. पुढे डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने दोन्ही प्रकार महागले. "थांबले की स्वस्त होते" हा समज मेमरीच्या बाबतीत दर वेळी खरा ठरत नाही. ज्यांच्या कार्यालयात एकाच जातीचे पाच-सहा जुने संगणक आहेत, त्यांनी ती रॅम अजून बाजारात असतानाच एक-दोन पट्ट्या घेऊन कपाटात ठेवाव्यात.

आठवी पायरी: आधी एकच संगणक

दिंडोरी-पिंपळगावकडचा द्राक्ष बागायतदार नवा वाण आला म्हणून उभी बाग तोडत नाही; तो चार ओळींवर कलम करतो, एक छाटणी आणि एक हंगाम पाहतो, मग पुढचे ठरवतो. कार्यालयात सहा संगणक बदलायचे असतील, तर आधी एक बदलावा आणि सर्वांत किचकट काम करणाऱ्या माणसाला तो द्यावा. महिनाभर, किमान एका विवरणपत्राच्या तारखेसह, तो चालू द्यावा. मगच उरलेल्या पाचांची ऑर्डर नोंदवावी, आणि तीही शक्यतो त्याच बोर्डाची, म्हणजे एकाचा भाग दुसऱ्यात लावून पाहता येतो.

किमतींची तुलना करताना एकट्या रॅमची किंवा प्रोसेसरची करू नये. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, कूलर आणि गरज पडल्यास एसएमपीएस यांची १८ टक्के जीएसटीसह बेरीज करावी आणि तो संगणक जितकी वर्षे वापरण्याचा विचार आहे तितक्या वर्षांनी भागावी. जीएसटीत नियमित नोंदणी असलेल्यांनी बिलावर आपला क्रमांक घालून घ्यावा, म्हणजे कराची वजावट मिळते.

डीडीआर५ घेण्याचे ठरलेच, तर पुढे लागणारी सगळी मेमरी पहिल्याच दिवशी दोन पट्ट्यांत घ्यावी. डीडीआर४ च्या काळात दोन लावून पुढे आणखी दोन वाढवण्याची सवय होती. डीडीआर५ मध्ये चार पट्ट्या लावल्या की वेग बराच खाली येतो. रायझन ७००० या प्रोसेसर मालिकेसाठी एएमडीने दिलेला वेगाचा आकडा (सेकंदाला मेगाट्रान्सफर) दोन पट्ट्यांना ५२०० आणि चार पट्ट्यांना ३६०० आहे.

संगणक जोडून झाल्यावर कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवावा. त्यावर रॅमचा प्रकार, किती स्लॉट भरले आणि किती रिकामे, सॉकेटचे नाव, एम.२ चा स्लॉट काय चालवतो, बायोसची आवृत्ती, एसएमपीएसचे वॉट आणि बिलाची तारीख लिहावी. चार वर्षांनी तो संगणक बंद पडेल, तेव्हा जो कोणी दुरुस्तीला येईल, त्याला बाजारात काय मागायचे हे झाकण उघडताच समजेल.